डॉपलरची चिठ्ठी

तुर्भ्यात कमजोरीची तक्रार घेऊन आलेला माणूस ती तक्रार आधी सांगत नाही. आधी कंबर धरलेली असते, मग ॲसिडिटी, मग ‘बी.पी. जरा बघा’. औषधं लिहून होतात, पैसे देऊन होतात, आणि दाराशी पोचलेला माणूस परत वळून म्हणतो, ‘डॉक्टर, अजून एक होतं.’ नाक्याच्या आतल्या गल्लीत दवाखाना चालवण्यात हयात गेलेल्या एका डॉक्टरांनी या ‘अजून एक’साठी दुपारची वेळ राखून ठेवली आहे, कंपाउंडर जेवायला गेल्यानंतरची. त्यांचे पेशंट म्हणजे एपीएमसीतले माथाडी, ट्रक टर्मिनलवरचे ड्रायव्हर-क्लीनर, एमआयडीसीत रात्रपाळी करणारे, तुर्भे गावातले आणि तुर्भे स्टोअरच्या वस्तीतले लोक.

डॉक्टरांची भाची वाशीला सोनोग्राफी करते. मामा चिठ्ठीवर ‘पेनाइल डॉपलर’ लिहून माणूस पाठवतात आणि भाची त्यातल्या बऱ्याच जणांना तपासणी न करताच माघारी लावते. ज्याचं मशीन तो मशीनचा कैवारी, असं आपण धरून चालतो. इथं मशीन नसलेला म्हातारा डॉक्टर मशीन मागतो आणि मशीनवर बसणारी भाची नको म्हणते. एका रविवारी दोघांची जुंपली, ती मी बाजूला बसून टिपून घेतली. घरगुती टोमणे गाळले आहेत, सगळे नाहीत.

मामा : परवा कांदा-बटाटा मार्केटमधला पोरगा पाठवला होता. हजेरी बुडवून आला बिचारा, आणि तू त्याला हातही न लावता परत पाठवलंस.

भाची : हात लावला नाही, पण बोलले ना त्याच्याशी. पहाटे जाग येते तेव्हा कसं असतं, विचारलं. तेव्हा काही प्रॉब्लेम नाही म्हणाला. एकटा असताना? तेव्हाही नाही. मग कधी? गावी गेल्यावर. चौतिशीचा माणूस, ना शुगर, ना बी.पी. बायको पाटण तालुक्यात, हा कोपरखैरण्याला आठ जणांच्या खोलीत. यात्रेला चार दिवस घरी जातो. तेवढ्यात दिवस राहावेत म्हणून आईनं नवस बोललाय. मामा, मी याच्या कुठल्या धमनीत काय शोधू?

मामा : शोधायला काय जातंय? पहाटेचं ठीक आहे म्हणजे रक्ताचं सगळं ठीक, असं कुणी सांगितलं? झोपेतली ताठरता आणि जागेपणीची, दोन्हींचे मेंदूतले रस्ते निराळे.

भाची : रस्ते निराळे, धमनी तीच. रात्रीतून तीन-चार वेळा, स्वप्नांच्या झोपेत, कुणीही न सांगता तिथं रक्त भरतं आणि टिकतं. म्हणजे भरायची सोय शाबूत आहे, टिकवायचीही आहे. १९८० मध्ये अमेरिकेत हे तपासायला पोस्टाची तिकिटं वापरली होती, माहितेय ना? रात्री तिकिटांची पट्टी गोल गुंडाळायची. सकाळी छिद्रांच्या रेषेवर फाटलेली असली की समजायचं, रात्रीची पाळी नीट झाली. तेवढ्यावर रीतसर शोधनिबंध छापून आला.

मामा : आपल्याकडं तिकीट तिथं सोडून दुसरीकडंच फाटतं. पाकिटावर लावताना बघ कधी.

भाची : विषय बदलू नकोस.

मामा : बदलत नाही. तू म्हणतेस ते चौतिशीच्या पोराला लागू आहे, मान्य. पण तुझी ही जी ‘मनाचं आहे’ म्हणायची घाई आहे ना, ती आमच्या पिढीनं भोगलीय. भोगली म्हणजे पेशंटनी भोगली. १९७० च्या सुमारास मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या अभ्यासक जोडीचा शब्द प्रमाण होता, आणि दहातल्या नऊ जणांचं दुखणं मानसिक, हे तेव्हा गृहीतच होतं. शुगरवाला येऊ दे, बिडीवाला येऊ दे, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणायचं नि बी-कॉम्प्लेक्स लिहायचं. मग १९८२ मध्ये पॅरिसच्या विराग नावाच्या सर्जननं पापाव्हरिनचं इंजेक्शन थेट लिंगात देऊन दाखवलं की मनाला काही न विचारता ताठरता येते. पुढच्याच वर्षी लास व्हेगासला युरॉलॉजीच्या परिषदेत तो इंग्रज ब्रिंडली...

भाची : आला ब्रिंडली! दर दिवाळीला हा किस्सा होतो.

मामा : होणारच. भर सभेत हा पन्नाशी उलटलेला शरीरशास्त्रज्ञ उभा राहिला. हॉटेलच्या खोलीत स्वतःला इंजेक्शन टोचून आला होता. स्लाइड दाखवून झाल्या, तरी पुढच्या रांगेतल्यांचा विश्वास बसेना, तर यानं विजार खाली केली आणि मंडळींत फिरायला निघाला. सभ्य लोकांच्या बायका किंचाळल्या म्हणतात. किंचाळू देत. त्या दिवसापासून या दुखण्याला शरीर मिळालं. तोवर त्याला नुसतं चारित्र्य होतं.

मामांचं हे शेवटचं वाक्य मी दोनदा लिहून घेतलं. त्यांचा सगळा पक्ष त्यात आहे. रक्ताचा प्रवाह मोजता येतो म्हटल्यावर ‘नामर्द’ म्हणवून घेणाऱ्या माणसाचा पेशंट झाला, हे त्यांना विसरायचं नाही. भाचीला वाटतं, की मोजता येतं म्हणून मोजत सुटलं की पेशंटचा पुन्हा दुसराच काहीतरी होतो.

भाची : मी काय मोजते ते एकदा नीट ऐक. आत दोन दंडगोल असतात, स्पंजासारखे. प्रत्येकाच्या मधून एक धमनी जाते, जेमतेम मिलिमीटरभर. मेंदूकडून निरोप आला की तिथल्या मज्जातंतूंतून आणि धमनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, आतला स्नायू सैल पडतो, पोकळ्या रक्तानं भरतात. भरून फुगल्या की बाहेरच्या जाड वेष्टणाखाली बारक्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त बाहेर जायची वाट बंद होते. स्नायू सैल पडणं, धमनीतून रक्त येणं, शिरा मिटणं, यातलं काहीही बिघडू शकतं. म्हणून मग युरॉलॉजिस्ट बारीक सुईनं औषध देतो, तुझं पापाव्हरिन नाहीतर अल्प्रोस्टॅडिल, आणि पाच-पाच मिनिटांनी मी प्रोब टेकवून धमनीतला वेग बघते. आलेखात टोकदार डोंगर येतात. टोकाचा वेग सेकंदाला ३५ सेंटिमीटरच्या वर गेला तर धमनी ठीक. २५ च्या आतच राहिला तर रक्त आत यायलाच अडचण आहे.

मामा : हेच तर हवंय मला. आकडा.

भाची : थांब. पुढचा भाग दोन डोंगरांमधल्या दरीचा. सुरुवातीला दरीतसुद्धा रक्त पुढं वाहत असतं. आतला दाब वाढला की दरी शून्यावर येते, आणि पूर्ण ताठरता आली की शून्याच्याही खाली जाते. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त उलटं ढकललं जातं. ते बघायला फार सुरेख असतं, खरं सांगते. पण दरी शून्यावर आलीच नाही, ५ च्या वरच राहिली, तर आम्ही रिपोर्टवर लिहितो ‘व्हीनस लीक’, शिरांमधून गळती. आता मला सांग, आतला स्नायू सैल पडलाच नाही तर शिरा दाबल्या जातील का?

मामा : नाही.

भाची : आणि घाबरलेल्या माणसाचा स्नायू सैल पडतो का? ॲड्रेनालिनचं कामच त्याला आवळून धरायचं. म्हणजे खरोखर शिरा न मिटणाऱ्या माणसाचा आलेख आणि भेदरलेल्या पोराचा आलेख शेजारी ठेव, मलाही सांगता येणार नाही कुठला कुणाचा. आता माझी खोली बघ. एसी फुल, कारण मशीनला लागतो. टेबलावर माणूस कमरेखाली उघडा. समोर भिंतीवर बोर्ड, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. १९९४ चा कायदा आहे, मशीन कशालाही वापरा, बोर्ड लावावाच लागतो. तो पुन्हा पुन्हा तेवढाच वाचत पडलेला असतो. नुकतीच नको तिथं सुई टोचलेली. आणि प्रोब घेऊन आत येते कोण, तर मी. त्याच्या पुतणीच्या वयाची बाई. मी आत शिरले की त्याच्या रक्ताचं काय होतं ते मला स्क्रीनवर दिसतं, मामा.

मामा : मग पडदा ओढ, एसी कमी कर, बाहेर थांब थोडा वेळ. पुरुष डॉक्टर बसव. दुसरा डोस द्या.

भाची : सगळं करतो. दुसऱ्या डोसनं कित्येकांचं ‘लीक’ पळून जातं, आणि मग आम्हालाच प्रश्न पडतो की पहिल्यावर थांबलो असतो तर काय लिहून दिलं असतं. पण डोस वाढवला की दुसरं टोक असतं. चार तासांत उतरलं नाही तर कॅज्युअल्टीत नेऊन सुईनं रक्त काढावं लागतं, नाहीतर आतला स्नायूच मरतो. तुझ्या माथाड्याला मी हे समजावून सांगते तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मामा : गळती नाही, हे खात्रीनं सांगता येतं का?

भाची : ते येतं. दरी उलटी गेली, डोंगर उंच आला, तर रक्ताचं सगळं उत्तम आहे, असं छातीठोक सांगते. आकडा चांगला आला तर विश्वास ठेव. वाईट आला तर आधी माणसाकडं बघ, मग आकड्याकडं.

मला वाटलं, इथं भाचीनं बाजी मारली. मामांना तसं वाटलं नाही. त्यांनी चहा ओतला, आणि वेगळ्या अंगानं आले.

मामा : तू म्हणतेस माणसाकडं बघ. बघितलं समज. ‘तुमचं काही बिघडलेलं नाही, मनातली भीती आहे,’ असं सांगितलं. तो माणूस माझ्या दारातून बाहेर पडून कुठं जाणार, सांगू? हायवेच्या कडेला तंबू आहेत. खानदानी दवाखाना. बरण्यांत मुळ्या, समोर पहिलवानाचा फोटो. तिथला माणूस त्याला ‘मनाचं आहे’ असं कधीच म्हणत नाही. तो नाडी धरतो, ‘नसा ढिल्या पडल्यात’ म्हणतो, आणि तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारतो. तंबूवाला त्याला शारीरिक कारण देतो गं. खोटं देतो, पण देतो. माझ्याकडं खरं असून मी द्यायचं नाही?

भाची : त्या पुड्यांत काय असतं ते तुला ठाऊक आहे. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या असल्या मालात ताठरतेच्या गोळीतलं सिल्डेनाफिल कुटून घातलेलं जगभर सापडलंय. म्हणून तर गुण येतो.

मामा : म्हणूनच म्हणतो. ज्याचा सगळा दिवस पावत्यांवर चालतो, वाराईची पावती, हजेरीचं कार्ड, गेटपास, त्याला कागद लागतो. कागदावर आलं की बायकोला दाखवता येतं, ‘बघ, माझ्यात खोट नाही, नळीत आहे.’ घर टिकतं अशानं.

भाची : आणि कागदावर ‘लीक’ आलं तर? तीस वर्षांच्या माणसाला तू लिहून दिलंस की तुझ्या शिरा गळतात. तो हा कागद लॅमिनेट करून ठेवतो, मामा. माझ्याकडं येतात तसे. मग कुठं शिरा बांधायच्या ऑपरेशनची चौकशी, कुठं काय. ते ऑपरेशन बहुतेकांना टिकाऊ फायदा देत नाही म्हणून मागं पडलं, पण कागद जाग्यावरच असतो. शब्द रक्तात उतरतो. ऐक, इटलीत २००३ मध्ये ९६ हृदयरोग्यांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांना एकच औषध, ॲटेनोलॉल. एका गटाला औषधाचं नावच सांगितलं नाही. दुसऱ्याला नाव सांगितलं. तिसऱ्याला नाव सांगून वर हेही सांगितलं की यानं कमजोरी येऊ शकते, पण क्वचितच. पहिल्या गटात ३ टक्के लोकांनी तक्रार केली, दुसऱ्यात जवळजवळ १६, तिसऱ्यात ३१. गोळी तीच.

मामा : ॲटेनोलॉल तर मी अर्ध्या तुर्भ्याला देत आलोय.

भाची : आणि सांगून देतोस का न सांगता, हा आता तुझा प्रश्न.

मामा : (थोडं थांबून) बरं, हा प्रयोग मनाचा म्हणून सांगतेस, पण तक्रार तर शरीरातच आली की नाही? म्हणजे भीतीनं रक्त खरोखर अडलं. मग ‘मनाचं’ आणि ‘रक्ताचं’ अशा दोन फायली कशाला?

भाची : मी दोन फायली करतच नाही. डॉपलरला ती वाटणी करता येत नाही, एवढंच म्हणते. कोर्टानंसुद्धा हे ओळखलंय. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं एका तरुण जोडप्याचं लग्न रद्द केलं. लग्नाला काही दिवस होतात न होतात तोच दोघं वेगळे झाले होते. नवऱ्यानं आधी बायकोवर ढकललं, मग लिहून दिलं की मला एरवी काही अडचण नाही, फक्त हिच्याशी संबंध येऊ शकत नाही. त्याला कायमचा नपुंसक असा शिक्का नको होता. खालच्या कोर्टानं पत्नीचा अर्ज पहिल्याच पायरीवर फेटाळला होता. हायकोर्टानं सापेक्ष नपुंसकत्व ही गोष्ट मानली आणि दोघांना मोकळं केलं. आता याचा डॉपलर केला असता तर काय आलं असतं? नळी समोर कोण आहे ते बघून बंद होत नसते.

मामा : हे बरं सांगितलंस. पण त्या पोराला खरं बोलायला कोर्टात जावं लागलं, हेही बघ. इथं विचारायची सोयच नव्हती कधी. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं १९२७ मध्ये, वाचक त्यांना असलेच प्रश्न पाठवायचे. त्या प्रश्नांची उत्तरं छापली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले त्यांच्या बाजूनं. तरी हरले. आता तू म्हणतेस, मामा, मशीन नको, बोल. अगं, बोलायला भाषा तरी कुठं शिकलाय हा माणूस? ‘पॉवर कमी झाली’ यापलीकडं शब्द नाही त्याच्याकडं. डॉपलरची चिठ्ठी लिहिली की त्या निमित्तानं मी चार प्रश्न विचारतो. चिठ्ठी हे निमित्त आहे माझं.

भाची : म्हणजे महागडं निमित्त.

मामा : आहे खरं.

मला हा वाद इथवर दोघांच्या स्वभावाचा वाटत होता. पुढं मामा बोलले तो वैद्यकातला खरा मुद्दा होता, आणि भाचीही त्यावर गप्पच झाली.

मामा : आता माझ्या बाजूचं इटालियन ऐक. २००३ मधलंच, मिलानचं. छातीत दुखून आलेले ३०० रुग्ण, अँजिओग्राफीत ब्लॉक सापडलेले. त्यांना विचारलं. निम्म्यांना ताठरतेची तक्रार होती. आणि त्या निम्म्यातल्या दोन तृतीयांश लोकांना ती छातीतल्या दुखण्याच्या आधी सुरू झाली होती. सरासरी किती आधी? तीन वर्षांहून जास्त. कारण साधं आहे. हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या, तिथल्या एक-दोनच्या. अस्तर सगळीकडं एकाच वेळी खराब होतं, साखरेनं, बिडीनं, बी.पी.नं. बारीक वाहिनीत ते आधी जाणवतं. म्हणजे हा ‘अजून एक होतं’ म्हणणारा पन्नाशीचा माणूस मला तीन वर्षं आधी सांगायला आलेला असतो. आणि तू त्याला नवस, यात्रा विचारत बसतेस.

भाची : पन्नाशीच्याला नाही विचारत. आणि विचारलं तरी शुगर आधी विचारते. पण मामा, तुझंच म्हणणं तू उलटं वापरतोयस. धोका हृदयाला आहे ना? मग डॉपलर तिथला कशाला? समज, मी सांगितलं की वेग २२ आला. तू काय करणार? शुगर, लिपिड, ईसीजी, बी.पी., गुटखा बंद. समज, ३० आला. तू काय करणार?

मामा : तेच.

भाची : मग? गोळीसुद्धा दोन्हींना तीच. ज्या रिपोर्टनं तुझं पाऊल बदलत नाही त्यासाठी माणसाची हजेरी कशाला बुडवायची? १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पाहणीत चाळीस ते सत्तर वयाच्या ५२ टक्के पुरुषांना कमी-जास्त तक्रार निघाली. सगळ्यांना झोपवू माझ्या टेबलावर? डॉपलर मला हवा तो वेगळ्यांचा. बाइकवरून पडून कंबरेचं हाड मोडलेला तरुण, ज्याची धमनी खरंच तुटलेली असू शकते. वाकडेपणा आलेला. गोळी नीट घेऊनही उपयोग न झालेला. ऑपरेशनला निघालेला. कोर्टानं पाठवलेला. हे पाठव, मी रविवारीसुद्धा करते.

मामा : गोळी नीट घेऊनही म्हणतेस, पण नीट घेतो कोण? भरपेट मटण खाऊन वर क्वार्टर मारून सिल्डेनाफिल घेतात आणि टीव्ही बघत बसतात, आपोआप काही होईल म्हणून.

भाची : तेच. निरोप आला नाही तर नायट्रिक ऑक्साइड सुटत नाही, आणि तो सुटला नाही तर गोळीला जपायला काही उरतच नाही. ज्यांनी नायट्रिक ऑक्साइडचा हा निरोप शोधला त्यांना १९९८ चं नोबेल मिळालं, त्याच साली गोळी अमेरिकेत बाजारात आली. आपल्याकडं गोळी पोचली, निरोपाचं कुणी सांगितलं नाही.

मग टेस्टोस्टेरॉनवरून थोडं वाजलं, ते मी आवरतं घेतो. मामांचा मुद्दा गावाच्या अभिमानाचा होता. भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी सोडलेल्या ए. वेलुमणींनी १९९६ मध्ये काढलेल्या थायरोकेअरची मध्यवर्ती लॅब इथंच तुर्भे एमआयडीसीत आहे. देशभरातून रक्ताच्या नळ्या विमानानं येतात आणि रात्रीतून तपासल्या जातात. एवढं दाराशी असताना हार्मोन का बघू नये? भाचीचं म्हणणं, बघावं, पण इच्छाच मेली असेल तर आधी. आणि रक्त सकाळी घ्यावं, कारण हार्मोन सकाळी वर असतं, कमी आलं तर पुन्हा एकदा घ्यावं. भाजी मार्केटमध्ये रात्रभर गाड्या खाली करून सकाळी झोपणाऱ्याची सकाळ कुठली धरायची, हा तिचा प्रश्न मामांनाही सोडवता आला नाही. एकदा कमी आलेल्या आकड्यावर पोराला इंजेक्शनं सुरू झाली की त्याचे शुक्रजंतू कमी होतात, आणि नवस तसाच राहतो, हेही तिनं सुनावलं.

भाची : आता मी सांगू, चिठ्ठीवर काय हवं ते? पहाटेची ताठरता आहे की गेली. हळूहळू गेली की एका रात्रीत. सगळीकडं अडचण की एकाच ठिकाणी. शुगर, बी.पी., कुठली औषधं. तंबाखू कुठल्या रूपात. आणि पायाची नाडी.

मामा : पायाची नाडी मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतोय. तेवढ्यासाठीच दुपारची वेळ ठेवलीय. विजार सोडायला लावतो, जांघेत दोन बोटं ठेवतो. मग गुडघ्यामागं, मग पावलाच्या वर, अंगठ्याच्या रेषेत. माथाड्यांची पावलं बघितलीस कधी? टाच चिरलेली, कातडी एवढी जाड की नाडी शोधायला डोळे मिटावे लागतात. पण लागते. नसली की कळतं. गेल्या आठवड्यात एक आला, एक्कावन्न वर्षांचा, मसाला मार्केटमध्ये. पन्नास किलोची गोणी अजून उचलतो. डावी जांघ, नाडी अशी बारीक... उजवी त्याहून थोडी बरी. खाली पावलात डावीकडं काहीच नाही. विचारलं, चालताना काय होतं? म्हणाला, मार्केटच्या गेटपासून स्टेशनपर्यंत जाताना एकदा थांबावं लागतं, ढुंगण आणि मांडी भरून येते, थांबलं की जातं. कमजोरी कधीपासून? दोन वर्षं. पहाटेची? तीही नाही.

भाची : हा माणूस आहे कुठं?

मामा : फ्रेंच सर्जन लेरिश यानं हीच जोडी सांगितलीय, चालताना मांड्या भरून येणं आणि ताठरता जाणं. पोटातली महाधमनी जिथं दोन पायांना फुटते तिथंच अडथळा. मी याला तुझ्याकडंच पाठवणार होतो. चिठ्ठी लिहून ठेवलीय.

भाची : काय लिहिलंयस? पेनाइल डॉपलर?

मामा : मग दुसरं काय?

भाची : मामा! याला पायांचा डॉपलर, पोटातली महाधमनी, आणि त्याच्याही आधी ईसीजी, इको, शुगर. याच्या पायांच्या धमन्या अशा असतील तर हृदयाच्या कशा असतील? तिथला डॉपलर सगळ्यात शेवटी, लागला तर. आणि तो अजून गोण्या उचलतोय?

मामा : सांगितलं त्याला. माथाडी बोर्डाचं कार्ड आहे, रजा मिळेल म्हणालो. हसला.

भाची : छातीत?

मामा : दुखत नाही म्हणतो. जिना चढताना जळजळतं. म्हणून तर मी त्याला जिभेखाली धरायला सॉर्बिट्रेट देऊन ठेवलंय, दुखलंच तर म्हणून.

भाची : आणि गोळी? सिल्डेनाफिल कुठं मिळाली नाही ना त्याला? विचारलंस?

मामा : ...मेडिकलवाल्याकडून घेतो अधूनमधून. चिठ्ठी न देता मिळते त्याला. पाकिटात असते म्हणाला.

भाची : अरे देवा! एका खिशात नायट्रेट, दुसऱ्यात ही! दोन्ही एका दिवसात पोटात गेली तर बी.पी. असं कोसळेल की उठणार नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास सॉर्बिट्रेट चालत नाही, टाडालाफिल असेल तर अठ्ठेचाळीस. त्याला यातलं काही माहितेय?

मामा : त्याला कोण सांगणार! सॉर्बिट्रेट आठवड्यापूर्वी दिलं, गोळीचं त्यानं काल दाराशी वळून सांगितलं.

भाची : नंबर आहे का त्याचा?

मामा : केसपेपरवर असेल. दवाखान्यात.

भाची : मग चप्पल घाल आणि चल. आधी त्याला फोन कर, चिठ्ठी नंतर लिही.